डावी मुरड

चिमाजीनं चाप ओढला आणि चणा फुटावा तेवढाच आवाज झाला.

समोर त्याचा सख्खा धाकटा भाऊ मालोजी पाठमोरा उभा होता. जेसीबीच्या धडधडाटात त्याला काही ऐकूही गेलं नाही. हात उंचावून तो ड्रायव्हरला विहीर दाखवत होता. बुजवायची विहीर. आपल्या वाटणीचं रान त्यानं विहिरीसकट चाकणच्या गोदामवाल्याला विकलं होतं. व्यवहाराला पक्का गडी. पाणी दोघांचं होतं, एवढंच त्याच्या हिशेबातून निसटलं.

चिमाजी बांधाआड मटकन बसला. फुसकं गेलेलं काडतूस त्यानं सवयीनं पट्ट्यात खोचलं. बंदूक तशी डुकरांसाठी, पीक राखायच्या परवान्याची. आता पीक गेलं, परवाना तेवढा चालू. काडतुसं दुकानात मोजून मिळत, म्हणून हा वापरलेलीच घरी पुन्हा भरायचा. बुडाला नवी टोपी, आत दारू, छर्रे, आणि शेवटी तोंडाला मुरड. अशी देखणी मुरड पंचक्रोशीत कुणाची नाही, असं सगळे म्हणतात, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

त्यानं दुसरं काडतूस काढून तोंडाकडं पाहिलं. पाकळ्या डावीकडं कललेल्या. त्याच्या कायम उजवीकडं. नखानं त्यानं मुरड उकलली. तळहातावर जोंधळे सांडले. दारू नाही, छर्रे नाहीत. स्वतःच्याच रानातले, गेल्या सुगीचे जोंधळे.

डावीकडं कलणारी मुरड त्यानं जन्मभर खाल्ली होती. दर दिवाळीला, करंजीवर. त्याची बायको कौशल्याबाई डावरी.

"वाचीवलंस गं बये," म्हणत तो घराकडं सुटला.

ती ओट्यापाशी भाकरी थापत होती. त्यानं पट्टा पुढ्यात टाकला. छातीवरचा धोंडा उतरला होता, त्याला चेष्टाही सुचली.

"लई शानी हायेस. बंदुकीला जोंधळं चारतीस व्हय?"

ती हसली नाही. पिठाचे हात पदराला पुसून तिनं एकेक काडतूस काढलं. तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. बूड वर करून पाहत गेली. एकाच्या पितळी बुडातल्या टोपीला चापाच्या ठोक्याची खळी पडली होती. तिचा अंगठा त्या खळीवर थांबला.

"मला वाटलं व्हतं," ती म्हणाली, "तुमी नुसती घेऊन हिंडाल."