काचेवरची वाफ

मोटारींच्या रॅलीत दामिनी चालवत असलेली गाडी कातळावर आदळली आणि तिचा जबडाच चेचला. शहापूरजवळच्या घरी ती तीन महिने पडून होती. जबडा तारांनी बांधलेला, त्यामुळे बोलणं बंद. आईनं घरातले आरसे भिंतीकडे फिरवले आणि तिच्या हेल्मेटला काळा दोरा बांधून ते खुंटीवर टांगलं.

"आदळलेलं हेल्मेट परत घालत नाय गो, आई," धाकटी रुपा म्हणाली.

"त्यानंच पोरीला वाचवलीन. तू गप."

रोज सकाळी त्या हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरलेली असायची. "ताई, तुझं हेल्मेट घोरतंय," रुपा म्हणायची. दामिनीला हसताही येत नव्हतं.

मग तारा निघाल्या. बोलणं मात्र बोबडंच राहिलं. मुरबाडला पुढची शर्यत होती, आणि हेल्मेट न दुखता डोक्यात बसलं तरच तिला संघाकडून गाडी मिळणार होती. भर दुपारी तिनं ते खुंटीवरून काढलं आणि घातलं. गाल जराही दुखला नाही. खुशीत तिनं पट्टा आवळला, काच खाली ओढली.

काच धूसर झाली. निवळली. पुन्हा धूसर झाली.

"बसलं काय गो ताई?" रुपानं विचारलं.

काच निवळावी म्हणून दामिनीनं श्वास रोखून धरला.

वाफ आली, गेली. आली, गेली. तिनं घाईघाईनं पट्ट्याला हात घातला. तो सुटेना.

"बसलं," हेल्मेटमधून उत्तर आलं, अपघाताआधीच्या तिच्या स्वच्छ आवाजात. दामिनीचे ओठ घट्ट मिटलेले होते.