नऊ पेले आणि एक नाक

पोनिमिन कान खाजवत नव्हता.

सुदार्मोने पहिला पेला तिसऱ्यांदा नाकाशी नेला, डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा समोर पाहिलं. समोर त्याचा लहानपणापासूनचा मित्र मांडी घालून बसला होता. एका हातात लवंगेची सिगारेट, दुसरा हात गुडघ्यावर. दोन्ही कान जागच्या जागी, बेवारशासारखे.

कॉफीची तोडणी सुरू व्हायच्या दिवशी जावा बेटावरच्या या गावात कॉफीचे नऊ पेले मांडले जात. काही डोंगराच्या वरच्या उतारावरच्या अरेबिकाचे, काही खालच्या रोबस्टाचे. आधी साक्षीदाराने प्रत्येक पेल्यातला एक घोट घ्यायचा, मग चाखणाऱ्याने अरेबिका उजवीकडे आणि रोबस्टा डावीकडे सारायची. उरलेली कॉफी सगळ्यात जुन्या झाडाच्या बुंध्याशी ओतायची. साक्षीदार पोनिमिन. चाखणारा सुदार्मो, त्याच्या आधी त्याचा बाप, बापाच्या आधी आजा. एक पेला चुकला की मान दुसऱ्या घराकडे जाणार.

तीन वर्षांपूर्वी तोडणीच्या तोंडावर सुदार्मोला ताप आला. ताप उतरला आणि तो थेट पेल्यांपुढे येऊन बसला, तर नऊच्या नऊ पेल्यांना एकच वास! नुसत्या नजरेने तो पोनिमिनच्या पाया पडला. पोनिमिनने हळूच उजवा कान खाजवला. सुदार्मोने पेला उजवीकडे सारला. समोरासमोर बसल्यावर कोणाचा उजवा धरायचा हे काही ठरलं नव्हतं, तरी नऊच्या नऊ बरोबर आले. पुढची दोन वर्षंही तसंच झालं.

गंमत म्हणजे शेजारच्या घरात मासा करपला तर त्याला अंगणातून कळे. सुदार्मोने यातून निष्कर्ष काढला, की नाकात कॉफीची खोली वेगळी असते आणि तेवढीच कुलूपबंद झाली आहे. घरी बारा महिने रोबस्टाच व्हायची, तीही साखर घालून. पारखून पाहायची सोय नव्हती आणि हिंमत त्याहून नव्हती.

"पाक दार्मो, कॉफी गार होतेय," सरपंच म्हणाला. गावात मोठ्या माणसाला आदराने 'पाक' म्हणत, बाईला 'बु'.

"गार झाली की खरं बोलते ती," सुदार्मो म्हणाला. बायका हसल्या.

"आमच्या वर्गात तीनदा हुंगलं की नापास करायचे हां," दामार म्हणाला. हा सरपंचाचा भाचा. योग्याकार्ताला कॉफी चाखायचं शिकून आलेला, मनगटावर कॉफीची फांदी गोंदवलेली. गाव मान द्यायला घर शोधत असेल तर हे घर तयारच होतं.

सुदार्मोने पोनिमिनकडे शेवटचं पाहिलं. पोनिमिनने सिगारेटची राख झाडली. बस्स.

मग सुदार्मोने देवाचं नाव घेतलं आणि भराभर पेले सारले. चार उजवीकडे, पाच डावीकडे.

"बु वारियेम, किती बरोबर?" सरपंचाने विचारलं.

वारियेम म्हणजे सुदार्मोची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून पेले तीच भरायची आणि कुठल्यात काय, हे तिला एकटीलाच ठाऊक असायचं. तिने पदराला हात पुसले, वाकून सगळे पेले पाहिले.

"नऊच्या नऊ."

टाळ्या पडल्या. दामारने वाकून सुदार्मोचा हात कपाळाला लावला आणि एक पुडी पुढे केली. "वरच्या उतारावरची अरेबिका. मी स्वतः भाजलीय, पाक. तुम्ही बरी म्हणालात तर जन्माचं सार्थक."

परतीच्या पायवाटेवर सुदार्मोने पोनिमिनला गाठलं. "हरामखोरा, कानाला गळू झालंय का?"

"दादा, मला काही कळलंच नाही. नऊही एकसारखे लागले."

"आज?"

"आज आणि मागची तिन्ही वर्षं." पोनिमिन खाली बघत म्हणाला. "पहिल्या वर्षी कान खाजला, मी खाजवला. तू पेला सारलास, बरोबर आला. म्हटलं, आपल्या कानातच काहीतरी आहे."

"मग आज का नाही खाजवलास?"

"आज खाज सुटलीच नाही. उगाच खोटं कशाला खाजवू?"

आजापासूनची अब्रू तीन वर्षं एका माणसाच्या खाजेवर टांगलेली होती, आणि त्या माणसाने हे सांगितलंही नव्हतं. "माझ्या अंगणात पुन्हा पाय ठेवू नकोस," सुदार्मो म्हणाला. पन्नास वर्षांची मैत्री त्याने वाटेतल्या ओढ्याच्या अलीकडेच सोडली.

घरी येऊन त्याने पुडी वारियेमपुढे ठेवली. आता काय ते एकदा होऊन जाऊ दे, असं त्याने ठरवलं होतं. "ही कर. शेजारी आपली रोबस्टा कर. साखर नको."

दोन पेले आले. तो पहिल्यावर वाकला. संत्र्याची साल. जुई. जिभेच्या कडेला हलकं आंबट. दुसऱ्यावर वाकला. करपलेले शेंगदाणे, ओल्या लाकडाचा धूर, दणकट कडू.

"आलं!" तो ओरडला. डोळ्यांना धारा लागल्या. "वारियेम, नाक परत आलं गं!"

आणि त्याने सगळं सांगून टाकलं. ताप, कान, तीन वर्षांची लबाडी. "तुलाही फसवलं. पण त्याआधी एकदाही नाही, बापाची शपथ!"

वारियेम कढईत आंबवलेल्या सोयाबीनच्या, तेंपेच्या वड्या तळत होती. तिने एक वडी उलटली.

"त्या वर्षी तुमच्या कपाळावर पट्ट्या ठेवता ठेवता चुलीवर भाजायला टाकलेली अरेबिका जळून गेली," ती म्हणाली. "मी नऊही पेल्यांत रोबस्टाच ओतली. म्हटलं, आता हे पहिला पेला हुंगणार आणि सगळ्या गावासमोर माझी शोभा करणार."

तिने दुसरी वडी उलटली.

"तर तुम्ही त्यातून चार अरेबिका काढून दाखवल्यात. तेव्हा कळलं, की लग्नापासून तुम्ही असंच करत आलात. म्हणून मग मी अरेबिका भाजणंच सोडलं."