अठ्ठेचाळीस व्होल्ट

भूपेशने चौथ्या पोर्टला वीज चालू केली आणि आकड्याकडे बघत थांबला. कॅमेऱ्यांच्या तारा जोडलेला नेटवर्क स्विच दोन किलोमीटरवर होता, धानातल्या मचाणीवर, बॅटरीच्या पेटीत. तो इथे मोहर्लीच्या अलीकडच्या वननाक्यावर बसून त्याला हुकूम देत होता. भारनियमनाची वेळ होती. कॉम्प्युटर तेवढा इन्व्हर्टरवर चालला होता. शून्य वॅट. मग सहा. शेताकडे उतरणारा वाघ दिसावा म्हणून लावलेला शेवटचा कॅमेरा जागा झाला. एकाच तारेतून त्याला वीज जात होती आणि त्याच तारेतून चित्र येत होतं.

पिवळं धान, धुऱ्याचा बांध, आणि धुऱ्यावर रुखमाबाई. तिने डोक्यावरचा गवताचा भारा खाली ठेवला आणि गवतात काहीतरी पाहू लागली.

भूपेशला बरं वाटलं. सकाळीच त्याने गावातल्या बायांना कॅमेऱ्याच्या तारेला हात लावायला लावला होता. रुखमाबाई मागे सरली होती. तिचा दीर रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या करंटात गेला होता. "मी तारेले हात नाई लावत, भाऊ." मग त्याने तिला समजावलं की ही तार पलीकडे आपलं यंत्र आहे का ते आधी तपासते, मगच वीज सोडते, तीही अठ्ठेचाळीस व्होल्ट. शेवटी तिने बोट टेकवलं. हिच्याहून तं मुंगी बरी चावते, म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तार पडलेली दिसली तर उचलून खुंटीवर टाका, असंही त्याने सांगून ठेवलं होतं.

पडद्यावर रुखमाबाई कलंडलेली खुंटी सरळ करत होती.

भूपेश पुढे झुकला. चार नंबरची तार मचाणीवरून, कॅमेऱ्याच्या मागून येत होती. कॅमेऱ्यापुढे त्याची एकही तार नव्हती. गवतात मात्र एक बारीक रेघ चमकत होती, जमिनीपासून वीतभर उंच, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत.

त्याने वनमजूर कोलूला हाक मारली. कोलूने पडदा पाहिला.

"शेतवाल्या पत्रूनं लावली असन डुकरासाठी. पण आता लाईन नाई. सहाले येते."

पडद्याच्या कोपऱ्यात पाच एकावन्न झाले होते. मोबाईल इथे लागत नव्हता. मोटारसायकलने सात-आठ मिनिटं लागतील, असं पुटपुटत कोलू किल्ली शोधायला धावला.

कॅमेऱ्याला डोळा होता, तोंड नव्हतं. रुखमाबाईने खुंटी दगडाने ठोकली, हलवून पाहिली. पदर खोचला. मग सैल पडलेली तार उचलायला ती वाकली. सांगितलेलं काम नीट व्हावं म्हणून माणूस वाकतं तशी, सावकाश.

सहा वाजायच्या आधीच खोलीतली ट्यूबलाइट फडफडली आणि लागली.

भूपेशची बोटं आपोआप चालली. पोर्ट चार, बंद. पडदा काळा झाला.

कोलू किल्ली घेऊन दारात उभा होता. त्याने वर ट्यूबकडे पाहिलं, मग काळ्या पडद्याकडे.

"तो करंट इथून नाई बंद होत, सर."