ओला ताणा

ईश्वरदासने खुंट उपटला आणि गल्लीभर ताणून बांधलेलं सूत धपकन धुळीत पडलं.

तुळजाबाई ओरडत घराबाहेर आली. तोवर मातीची टोपली घेतलेले दोन कारकून त्या सुतावरून चालतही गेले होते. दोरे तटातट तुटले.

ते सूत म्हणजे लुगड्याचा ताणा होता, मागावर चढवायचे उभे दोरे. तुळजाबाईने आणि तिच्या नवऱ्याने, जागेश्वरने, पहाटे उठून त्याला खळ लावली होती. खळ वाळेपर्यंत सूत ताणलेलंच ठेवावं लागतं. सैल पडलं की दोरा दोऱ्याला चिकटतो आणि सगळा ताणा मातीमोल होतो. कोष्ट्यांच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आज गल्लीत विमा कचेरीची वीस माणसं श्रमदानाला आली होती. स्वराज्य येऊन सात वर्षं झाली होती आणि रविवारी फावडं हातात धरायची साहेबलोकांना नवी हौस लागली होती. सेवेची हौस एकदा अंगात आली की विचारायची सवड कोणाला असते?

"बाई, ओरडू नका," हेडक्लार्क दत्तोपंत उपरण्याने घाम पुसत म्हणाले. "नाली तुमच्यासाठीच खणतोय. सुतळ्या मध्ये येत होत्या, बाजूला केल्या."

"सुतळ्या?" तुळजाबाईचा आवाज चिरकला. "महिनाभर कोष्ट्यांच्या सोसायटीच्या दारात बसलो, तवा हे सूत भेटलं. याचं कापड वापस देल्याबिगर पुढचं सूत भेटत नाही. आता मागावर काय चढवू, तुमची सुतळी?"

 खळीचा कुंचा हातात धरून जागेश्वर ओट्यावर बसला. माग बंद पडला की गल्लीतली माणसं बिडीच्या कारखान्यात जात. गेलेल्यांपैकी एकही परत मागावर बसलेला त्याने पाहिला नव्हता.

खरं तर खुंट काढण्याआधी ईश्वरदास, त्याच कचेरीतला कारकून, अडखळला होता. नालीची आखणी नेमकी त्या खुंटावरून गेली होती. दत्तोपंतांनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, दुपारून काढला तर..."

"दुपारी फोटोवाला येतोय," दत्तोपंत म्हणाले. मग ईश्वरदासने वाकून खुंट उपटला.

कचेरीतला सगळ्यात तरुण कारकून शरच्चंद्र. पोरगा मनाचा चांगला. त्याला ते बघवेना. कचेरीने वर्गणी काढून गल्लीत वाटायला कपडे आणले होते. त्या गठ्ठ्यातली एक नवी कोरी साडी काढून त्याने तुळजाबाईपुढे धरली. "ताई, ही घ्या. मिलची आहे, चांगली टिकेल."

तुळजाबाई त्या साडीकडे बघतच राहिली. मग तिने ती घेतली आणि अर्ध्या खणलेल्या नालीत भिरकावली.

"लुगडं इनणारीच्या घरी लुगडं दान कराले आले! तेही मिलचं! उद्या कुंभाराले मडकं द्याल अन् त्याचं चाक फोडाल! कोणी बलावलं होतं गा तुमाले?"

दत्तोपंतांचा चेहरा उतरला. "उपकाराची जाणीव म्हणून नाही," ते पुटपुटले. "चला रे, आवरा. जिथं कदर आहे तिथं जाऊ."

फावडी गोळा होऊ लागली. ईश्वरदास मात्र गेला नाही. त्याने तोच खुंट उचलला, पहिल्याच जागी रोवला आणि दगडाने ठोकून पक्का केला. ताणा धुळीतून अलगद उचलून त्याने खुंटाला ताणून बांधला. मग न विचारता तो तुळजाबाईच्या घरात शिरला आणि चुलीतली मूठभर राख घेऊन बाहेर आला.

चिकटलेला एकेक दोरा त्याने नखाने सोडवायला घेतला. तुटलेली दोन टोकं जुळवायची, राखेच्या चिमटीत धरायची, अंगठ्याने एक पीळ द्यायचा. गाठ मारायची नाही, कारण गाठ मागाच्या फणीत अडकते. त्याची बोटं भराभर चालली होती. जागेश्वर ओट्यावरून उठला आणि कुंचा घेऊन ताण्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. निम्मा ताणा तरी वाचेल असं आता वाटू लागलं.

कारकून फावडी खांद्यावर घेऊन बघत राहिले.

"अहो ईश्वरदास," दत्तोपंत म्हणाले, "हे तुम्हाला कुठून येतं? तुमच्या वडिलांची शेती आहे ना?"

कचेरीत सगळ्यांना तो तसंच सांगत आला होता. ईश्वरदासचा अंगठा थांबला.

"नाही साहेब. उमरेडला आमचे दोन माग होते. मी कोष्टीच आहे."

 दत्तोपंतांना एकदम हायसं वाटलं. लग्नघरात हरवलेली चप्पल सापडावी तसे ते खुलले. "बघा बाई! उगीच रागावलात. हा तर तुमचाच माणूस निघाला!"

तुळजाबाई ईश्वरदासजवळ आली. ती मघाएवढी चिडलेली दिसत नव्हती. तिने त्याच्या राखेने माखलेल्या बोटांकडे पाहिलं, खुंटाकडे पाहिलं. मग त्याच्या हातातला दोरा तिने काढून घेतला.

"सायबाले मालूम नव्हतं गा," ती म्हणाली. "तुले त मालूम होतं."