श्रद्धांजलीचा टेक

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा शेजारी उभा असलेला टीव्ही वाहिनीचा माणूस माझ्याआधी सावरला. म्हणाला, "भाऊजी, आजचा भाग थांबवत नाही. ताईंना तेच आवडलं असतं."

मालिका ती स्वतःच लिहायची, निर्मातीही तीच. प्रेक्षक घटले की वाहिनी हट्ट धरायची, म्हणून तिने मेलेल्या नायकाला दोनदा जिवंत करून दिलं होतं. या वेळी वाहिनीने तसा काही हट्ट धरला नाही.

त्याच आठवड्यात तो माणूस कॅमेरा घेऊन घरी आला. भागाच्या शेवटी श्रद्धांजली दाखवायची होती. मला तिच्या फोटोशेजारी बसवलं. मी म्हणालो, "ती घोरायची. आता घर शांत आहे, तर मला झोप लागत नाही."

"छान बोललात भाऊजी, पण जरा कोरडं वाटतंय. भरून येऊ द्या ना थोडं."

पुन्हा बोललो. पुन्हा कोरडंच. शेवटी त्याने सोबत आणलेल्या मेकअपवालीला खूण केली. ती ग्लिसरीनची बाटली घेऊन वाकली. "काका, थोडं झोंबेल हां. ताईंच्या मालिकेतल्या सगळ्या सुनांना हेच लावते मी."

तिसऱ्या खेपेला मी असा रडलो, की त्या माणसाने खिशातून रुमाल काढला.

भाग लागला आणि लगेच बहिणीचा फोन आला. "दादा, किती रडलास रे! बरं झालं, मोकळा झालास एकदाचा."

मी हो म्हणालो. रडायचं अजून राहिलंय.