टाचेला लाल धागा

"मेण दे," सासूने तेव्हा बजावलं होतं. "पोरीच्या वजनाइतकं मेण दे मठाला, त्याच्या मेणबत्त्या लावतील, फिटेल नवस. पण पोर देऊ नकोस, गेर्लिंड. मेण जळून संपतं. पोर रोज आठवेल."

"मेणाचं काय कौतुक देवाला!" म्हणून गेर्लिंडने ते उडवून लावलं होतं. इमा तापातून उठली होती आणि वाचली तर तिला मठाला वाहीन, असा नवस तर बोलून झाला होता. शिवाय गेर्लिंडच्या मनात दुसरंच होतं. मठाच्या भिंतीआड लांडगा येत नाही, उपासमार येत नाही, कुणाचे घोडेस्वार येत नाहीत. तिथल्या बाया बाळंतपणात मरत नाहीत. वेदीपाशी इमाने आपला डावा हात पुढे केला, ती डावखुरीच. गेर्लिंडने तो मागे सारला आणि उजवा धरून वेदीवरच्या पांढऱ्या कापडात गुंडाळला. असं गुंडाळलं की पोर मठाची, एकदा गुंडाळलेला हात परत मागता येत नाही. इमाला गंमत वाटली. ती खुदकन हसली होती.

भिंतीआड ताप मात्र शिरला.

दोन हिवाळ्यांनंतर, संत मार्टिनच्या सणाला, गेर्लिंड मठाच्या दारातल्या खिडकीशी उभी होती. पाठीला तान्हा बांधलेला, हातात लोकरीचे छोटे मोजे. टाचेला लाल धागा घातलेला, इमाला आईची खूण पटावी म्हणून.

खिडकीत दार सांभाळणारी म्हातारी साध्वी होती, रिक्लिंडमाई.

"आलीस परत? टेकडी झिजवशील तू एकटी."

"इमा कशी आहे, माई?"

"काल दोन चमचे पेज घेतली म्हणे. आजचं मला ठाऊक नाही, मी दार सोडून जात नाही. दोघी तापाने निजल्यात आत, तुझी इमा आणि कुंभाराची लेक. दोघीही एवढ्याएवढ्याशा."

"हे तिच्या पायांत घाला. पाय गार पडतात तिचे."

माईने मोजे उलटसुलट करून पाहिले. "छान विणलेस गं. पण इथे कुणाचं म्हणून काही नसतं. आणि नवे मोजे तर दोघींनाच. जी नवी येते तिला, आणि जी देवाघरी जाते तिला. मधल्या आम्ही साऱ्या ठिगळांवर दिवस काढतो. हे बघ!" तिने पाय उचलून दाखवू पाहिला, तो खिडकीपर्यंत पोचेना, तशी स्वतःलाच हसली.

गेर्लिंड हसली नाही. "मग नकोत. परत द्या ते."

"अगं, मी विचारते ना मोठ्या माईंना..."

"परत द्या, माई!" तिने खिडकीतून हात आत घातला.

तेवढ्यात आत लाकडी फळी वाजली. भराभर, एकावर एक ठोके. कुणाचा तरी शेवटचा श्वास चालला की ती वाजते, आणि असेल ते काम टाकून सगळ्यांनी धावायचं असतं. माई वळली आणि हातातल्या मोज्यांसकट धावली. गेर्लिंडला पावलांचा आवाज ऐकू आला, मग पुष्कळ गळ्यांतून एकच प्रार्थना. मग काहीच नाही.

तान्हा रडायला लागला. तिने उभ्याउभ्याच त्याला पाजलं.

माई परत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते.

"कुणाला घातले?"

माईने ओठांवर बोट ठेवलं. फळी वाजली की दफन होईपर्यंत आत कुणी बोलत नाही, कोण गेलं त्याची खूणसुद्धा करत नाही. खालच्या गावात शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे.

"मान तरी हलवा. इमा नाही म्हणा. कुंभाराची म्हणा..." आणि गेर्लिंड थांबली. आपण काय मागितलं ते तिचं तिलाच ऐकू आलं.

माईने खिडकीतून हात बाहेर काढला. तान्ह्याचं उघडं पाऊल मुठीत घेतलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं. मग खिडकी लावली.

दुसऱ्याच दिवशी गढीवरच्या सरदाराने तापाच्या भीतीने गावाला टेकडी बंद केली. विहिरीवर कुंभाराची बायको भेटते. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत, घडे भरतात आणि निघतात.

परक्या वाटसरूंना मात्र अजून वर जाऊ देतात. म्हणून नदीच्या उताराशी जो थांबेल त्याला गेर्लिंड गाठते. तुम्ही त्या वाटेने जाणार असाल तर तुम्हालाही तिचं हेच सांगणं आहे. नाव विचारू नका, परक्याला तिथे कुणी नाव सांगत नाही. साध्वी रांगेने देवळात जातात तेव्हा शेवटी बघा. एक लहान मुलगी असेल. छातीवर क्रूसाची खूण करताना ती आधी डावा हात उचलते, मग आठवून उजवा. ती आहे का, तेवढं बघा. आणि असलीच, तर तिच्या पायांकडे बघा. फाटके मोजे असू देत तिच्या पायांत, ठिगळं लावलेले.