दोन ठोके
अंतराळस्थानकाला गळती लागली होती आणि बाहेर जाऊन ती बुजवायची आज तिची पाळी होती. सोबतचा सहकारी शत्रुदेशाचा. खाली पृथ्वीवर त्यांच्याच बॉम्बने तिचा भाऊ गेल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. पण स्पेससूटची कडी पाठीमागे असते, आपली आपल्याला लावता येत नाही. दातओठ खात तिने त्याच्याकडे पाठ केली. कडी नीट बसली की लावणाऱ्याने पाठीवर दोन ठोके द्यायचे, अशी इथली रीत. एक ठोका पडला. दुसरा पडेना. उलट कडीच खटकन उघडली. "मारायचंय तर सरळ मार ना!" ती ओरडली. "गप्प बस. तुझा केस अडकलाय रबरात. बाहेर जाताच हवा गळून मेली असतीस." केस उपटून त्याने कडी लावली. "उपकार मानू?" "नको. गळती माझ्या खोलीत आहे." मग त्याने दोन ठोके जरा जोरातच हाणले.